भिंतीवरची त्राटिका

१२ फेब्रुवारी २००६, रविवार

निशाने आज माझी पुस्तकं रंगाप्रमाणे लावली. विषयाप्रमाणे नाही, लेखकाप्रमाणे नाही – रंगाप्रमाणे! आयुष्यभर एकमेकांशी भांडलेले विचारवंत आता केवळ पिवळे म्हणून शेजारी शेजारी बसलेत. मी पाटीवर लिहिलं, ‘हा अत्याचार आहे.’ ती म्हणाली, “आई, लाल सगळी एकाच फळीवर आलीत बघ. तुला तर आवडायला हवं.”

हसू आलं. हसतानाही घसा दुखतो.

१४ फेब्रुवारी

नाशिकच्या डॉक्टरांनी बजावलंय – बोलायचं नाही, कुजबुजायचंही नाही. ज्या घशाचं ऑपरेशन झालं त्याच घशाने मी जव्हारच्या चौकात माईक बंद पडला तरी शेवटच्या रांगेपर्यंत पोचत असे. तहसील कचेरीतले कारकून मला मागून ‘त्राटिका’ म्हणायचे. पुढून ‘बाई’.

आता पाटी आणि खडू. आणि ही रोजनिशी – इथे तरी कोणी ‘शांत राहा’ म्हणत नाही.

लेक पुण्याहून सुट्टी काढून आलीय. घरं सजवणं हाच तिचा धंदा. म्हणते, “तू या घरात राहिलीयेस कधी? घर म्हणजे तुला झोळी अडकवायचा खिळा. आता राहायचंय, तर घरासारखं करू.” हे गेले तेव्हापासून तर मी इथे फक्त झोपायला येते. खरंच आहे तिचं.

मासिकातलं चित्र दाखवलं. बोहेमियन म्हणे. म्हणजे काय, विचारलं. “कशाचं कशाशी जुळायला नको, पण सगळं एकत्र नांदलं पाहिजे.” मी लिहिलं, ‘मग आमची तालुका समिती बोहेमियन होती. नांदली नाही एवढंच.’

१८ फेब्रुवारी

निशा मोखाड्याच्या बाजारातून टोपल्या घेऊन आली. वेगवेगळ्या मापाच्या, भिंतीवर गोल मांडल्या. इरलं उलटं टांगून त्यात दिवा सोडला. सोफ्यावर घोंगडी. सभांना अंथरायची सतरंजी धुऊन खिडकीशी टांगली – तिच्यावरचा चहाचा डाग गेला नाही, मला बरं वाटलं. जुन्या भोंग्यात मनीप्लांट.

संध्याकाळी वीज गेली. कंदिलाच्या उजेडात त्या भिंतीकडे बघत बसले आणि एकदम आमचं पाड्यावरचं घर आठवलं. कारवीच्या कुडाच्या भिंती. टोपल्या तिथेही टांगलेल्या होत्या, पण त्यांत नाचणी असायची. इरलं खुंटीवर, ओलं, पानांचा वास येणारं. बाबा ते डोक्यावर घेऊन बांधावर निघाले की मागून नुसतं एक इरलं चालत जातंय असं दिसायचं.

त्या घरातून बाहेर पडायला मी किती धडपडले! ‘पक्कं घर हा आपला हक्क आहे’ – हे वाक्य मी किती पाड्यांवर गरजून सांगितलंय. आणि आता पक्क्या घरात, दिव्याच्या बटणाशेजारी, तेच घर परत आलंय.

राग यायला हवा होता. आला नाही.

२५ फेब्रुवारी

आज निशा आमच्या पाड्यावर जाऊन आली, आणि मुखवटा घेऊन आली. लाकडी, लाल तोंडाचा, जीभ बाहेर, डोळे ताटलीएवढे. बोहाड्यातली त्राटिका!

पाड्यावरच्या वाळूच्या घराण्याचं सोंग ते. बोहाड्याच्या उत्सवात रात्रभर मुखवटे बांधून नाचतात, आणि एकेका देवाचं, राक्षसाचं सोंग एकेका घराकडे असतं. त्राटिका वाळूकडे, त्याच्या बापाकडे, आज्याकडे. वाळू ठाण्याला बांधकामावर पडला, पाय मोडला. त्याची बायको पोशी मुलांना घेऊन उद्या तिकडे निघालीय. निशा तिच्या दारात जुन्या वस्तू विचारायला गेली, तर पोशीने आतून मुखवटा आणून तिच्या हातात दिला. “पैसे घेईचना, आई. म्हणाली, बाईंच्या घरात नीट राहील.”

सोफ्याच्या वर खिळा ठोकून लावला. निशा म्हणते, “हाच खोलीचा केंद्रबिंदू.” मी लिहिलं, ‘कारकुनांना बोलावून दाखव.’

२६ फेब्रुवारी

झोप नीट लागली नाही. मुखवट्यामुळे नव्हे, आठवणीमुळे.

सहा-सात वर्षांची असेन. बोहाड्यात आईने मला पुढच्या रांगेत बसवलं होतं. टेंभे, संबळ, पिपाणी, आणि त्राटिका नाचत नाचत थेट माझ्यासमोर आली. सगळी पोरं पळाली. मी पळाले नाही. पाय हललेच नाहीत. तिने वाकून माझ्या गालाला हात लावला. हात ऊन होता. मनगटावर हिरवं गोंदण – ठिपक्यांचं फूल. मी ते टक लावून बघत होते, तर आईने माझी मान धरून वळवली. “तिकडं बघू नको.”

त्या दिवसानंतर मला कशाचीच भीती वाटली नाही. मंत्री, फौजदार, जमीनदार – सगळ्यांपुढे उभी राहिले. लोक विचारायचे, बाई, हे धाडस कुठून आलं? मी पुस्तकांची नावं सांगायचे.

७ मार्च

नाशिक. डॉक्टरांनी नळी घालून बघितलं. “हळूहळू बोलता येईल. घरातल्या घरात.” मी लिहिलं, ‘भाषण?’ त्यांनी पाटी माझ्याकडे परत दिली. “ते विसरा आता.”

एसटीत निशाने माझा हात धरून ठेवला. घाटात मी खिडकीबाहेर बघत होते. या वळणावर रस्ता रोको केला होता. त्या आंब्याखाली पहिली सभा – माणसं कमी, शेरडं जास्त.

८ मार्च

महिला दिन. पंचायत समितीच्या कार्यक्रमाला बोलावलं होतं. व्यासपीठावर बसवलं, शाल दिली, नारळ दिला. भाषण एका मुलीने केलं, कागदावरून, खाली मान घालून. मी आतल्या आत तिची वाक्यं दुरुस्त करत बसले.

घरी येऊन शाल सोफ्यावर टाकली. ती टोपल्यांशी छान जुळली. मीसुद्धा जुळते – कोपऱ्यात, इरल्याखाली, चांगली दिसते.

१५ मार्च

काल होळी झाली. आज धुळवड. निशाने गालाला रंग लावला, आणि मागे वळून त्राटिकेलाही.

१९ मार्च

भिकादादा आला. आमच्या पाड्याचा, बोहाड्याचं सगळं तोच बघतो. माझ्या बाबांच्या मांडीवर खेळलेला, म्हणून मला ‘कमू’ म्हणणारा उरलेला एकटाच.

उंबऱ्यातून त्याने मुखवटा पाहिला आणि टोपी काढून तिथेच थांबला. निशाला म्हणाला, “पोरी, तिला तोंड उघडं ठेवून नाय टांगत. कापडात बांधून, भिंतीकडं तोंड करून ठेवतात. ती बघत बसली तर घरात कुनाला सुखानं बसू देल काय?” निशाने मुखवटा उतरवला. मग दादा आत आला, चहा घेतला.

म्हणाला, “पाडव्यानंतरच्या दुसऱ्या शनवारी बोहाडा. मुखवटा होळीला ज्या घरात, सोंग त्या घराचं. आता त्राटिका तुमची. तुमच्या घरातून नाचनारा उठला तर ती निंघल. नायतर औंदा त्राटिका नाय, आन् एकदा बंद पडलं सोंग मंग कायमचं बंद.”

निशा म्हणाली, “पण आमच्या घरात पुरुष कोणी नाही.”

मी पाटीवर सपाट्याने लिहिलं, ‘पुरुषच पाहिजे हे कोणत्या मूर्खाने ठरवलं?’ निशाने वाचून दाखवलं, “आई म्हणते, यावर विचार करायला हवा.” माझी वाक्यं तिच्या तोंडात गेली की थंड होतात!

दादा माझ्याकडे बघून हसला. “कमू गप बसली तवापासून गावाला झोप लागत नाय. कर विचार.”

२३ मार्च

घर पुरं झालं. फोटो काढले. निशा पुण्याला गेली. जाताना म्हणाली, “मुखवटा परत देऊन टाक, आई. मी दुसरं काही शोधते त्या जागेवर.”

रिकाम्या खिळ्याकडे बघवत नाही. मुखवटा कपाटात आहे, कापडात. दिवसातून एकदा उघडून बघते. आत, कपाळाच्या जागी, लाकूड घामाने काळं आणि गुळगुळीत झालंय.

देवाधर्मावर माझा विश्वास नाही. पण त्राटिका माझ्या डोळ्यांदेखत बंद पडू द्यायची? जिने मला उभं राहायला शिकवलं तिला?

३० मार्च

पाडवा. निशाचा फोन. ती बोलते, मी रिसीव्हरवर टिचकी मारते – एक म्हणजे हो, दोन म्हणजे नाही. “मुखवटा दिलास का परत?” दोन. “मग काय करणारेस?” याला टिचकी नाही.

२ एप्रिल

भिकादादा आला. मी तयारीत होते. पाटीच्या दोन्ही बाजू भरून मुद्दे लिहिले होते – समतेचे, परंपरेचे, कायद्याचेही! त्याच्यासमोर धरली. तो म्हणाला, “मला कशाला दावतंस? मला कुठं वाचता येतं.”

झालं. पुसून टाकली. छातीवर हात ठेवला – मी.

“बरं,” दादा म्हणाला.

एवढंच! माझ्याशी वाद घालायला कोणी नाही म्हणून मी संतापले. उभ्या आयुष्यात कोणी इतक्या लवकर ऐकलं नव्हतं. चहा संपवून म्हणाला, “नाचनारानं तोंड उघडायचं नाय. सोंगात नाय, मागून बी नाय, कवाच नाय. आतापतुर तुझ्याच्यानं जमलं नसतं.”

५ एप्रिल

दार लावून नाचून बघते. टोपल्या हादरतात. गुडघे कुरकुरतात. घर पहिल्यांदाच माझं वाटतंय.

९ एप्रिल, रविवार

काल तिन्हीसांजेला पोशी ठाण्याहून आली, खास मुखवटा बांधायला. मागून गाठी मारत होती – न बघता, भराभर. म्हणाली, “डावीकडं भार ठेवा बाई, मान दुखत नाय. मला सासूनं सांगलेलं. तिला नवशी आजीनं.” हात पुढे आला तेव्हा मनगट दिसलं. हिरवं गोंदण – ठिपक्यांचं फूल.

वाळू कधी नाचलाच नव्हता. त्याचा बापही नाही, आजाही नाही. नाचत आल्या त्या घरच्या सुना.

मी वळले. पोशी म्हणाली, “लेकीला दिला तो भिंतीसाठी नव्हता. पन तुम्ही बोलत होतात तवर कसा देनार?”

मैदानात पुढच्या रांगेत एक पोर पळाली नाही. तिच्या गालाला हात लावला. ती माझ्या मनगटाकडे टक लावून बघत राहिली – गोंदण नाही तिथे, काढून ठेवलेल्या घड्याळाचा गोरा पट्टा. तिच्या आईने हळूच तिची मान वळवली.