भोंगा वाजल्यावर उचललेल्या बांबूबाबत

प्रति,
मा. तालुका कार्यकारी दंडाधिकारी,
तहसील कार्यालय, मुरबाड, जि. ठाणे.

विषय : वर्षभर कोणावरही हात उचलणार नाही, अशा बंधपत्रावर सही करता येत नसल्याबाबत.
संदर्भ : आपली कारणे दाखवा नोटीस, दि. २४ ऑक्टोबर २०२५.

महोदय,

मी रंजिता सुदाम मेंगाळ, वय ३१, शिक्षण बारावी, राहणार कुडाची वाडी, धसईजवळ. दि. ९ ऑक्टोबर रोजी मी सात जणांना बांबूने मारले, असे नोटिशीत लिहिले आहे. मारल्याचे खरे आहे. फक्त सातचा आकडा आठ करावा.

१. आपल्याकडील एक व परदेशातील एक, अशी दोन विद्यापीठे मिळून विजांचा अभ्यास करीत आहेत. त्यांनी मे महिन्यात आमच्या शाळेच्या गच्चीवर हवेतील विद्युतभार मोजणारे यंत्र बसविले. भार वाढला की भोंगा वाजतो. नोंदी ठेवणे व भोंगा वाजताच शेतातील माणसे शाळेत आणणे, या कामावर मला नेमले आहे. आभाळ मोकळे दिसले तरी थांबायचे नाही व झाडाखाली कोणाला राहू द्यायचे नाही, असे प्रशिक्षणात बजावले होते. माणसे ऐकली नाहीत तर काय करायचे, ते सांगितले नव्हते. मीही विचारले नाही.

२. सप्टेंबरात भोंगा तीनदा वाजला. तिन्ही वेळा माणसे काम टाकून आली आणि वीज दुसरीकडेच पडली. तेव्हापासून वाडीत माझी थट्टा सुरू झाली.

३. दि. ९ रोजी दुपारी २ वाजून ५२ मिनिटांनी भोंगा वाजला. आमच्याच शेतात कापणी चालू होती. माझा दीर भगीरथ, सासू मंगळी व शेजारची सात माणसे, असे नऊ जण होते. डोक्यावर ऊन होते, ढग डोंगराकडे होते. मी पळत जाऊन सांगितले. भगीरथ म्हणाला, "वयनी, तुझ्या भोंग्याला बोंबलायची सवयच हाय. भात भिजला तं खाशील काय?" मी त्याचा हात ओढला, तेव्हा त्याने मला ढकलले. मी कापलेल्या भाताच्या टोकदार धसांवर पडले. उठताना भारे वाहायचा बांबू हाताला लागला.

पहिला फटका मी भगीरथच्या विळा धरलेल्या हातावर मारला. हाड मोडल्याचा आवाज मला आला. शेजारच्या अंबूबाई मला धरायला आल्या, त्यांच्या खांद्यावर दोन मारले. दुसरे शेजारी गोजर यांनी ढेकूळ फेकले, त्याने माझी भुवई फुटली. डोळ्यांत रक्त उतरले तशी मी त्यांच्या गुडघ्यांवर मारीत सुटले. एक बाई खाली बसली, तिला केसांना धरून उठविले. पुढे कोणाला कुठे लागले, ते मला सांगता येणार नाही. गुरे हाकावीत तशी मी आठ जणांना शाळेच्या ओट्यापर्यंत मारीत नेले. त्या वेळी मला दया आली नाही. रागच आला होता, हे लपवीत नाही.

४. सासूबाई मोहाच्या झाडाखाली बसून राहिल्या होत्या. त्यांना आणण्यासाठी मी परत गेले. त्या म्हणाल्या, "मलाबी मारतेस काय गो?" बांबू वर उचललेलाच होता. लग्नाला बारा वर्षे झाली, मी त्यांच्यापुढे कधी आवाज चढविलेला नाही. मी बांबू खाली टाकला व पाया पडले. उचलू गेले तर त्यांनी दोन्ही हातांनी खोड धरले. म्हणाल्या, "तू व्हय पुढं. गुडघं धरल्यात, मी येते मागनं." मी विश्वास ठेवला. त्या हातांवर एक फटका पुरला असता.

मी ओट्यावर पाय ठेवला आणि वीज पडली. ३ वाजून ९ मिनिटे झाली होती. झाड बुंध्यापर्यंत उभे फाटले. सासूबाईंच्या हातातली चांदीची पाटली कातडीत रुतली होती. ती काढता आली नाही, तशीच त्यांच्याबरोबर गेली.

५. दिवसकार्य झाल्यावर भगीरथने तक्रार दिली. तीत त्याने स्वतःच्या हाताचे लिहिले आहे. परंतु तक्रार देण्याआधी, त्याच सकाळी, प्लास्टरचा हात गळ्यात घेऊन तो माझ्या अंगणात उभा राहिला व म्हणाला, "माझा हात जुडंल. माझा मोडलास तसा आईचा मोडायचा व्हतास. का नाय मोडलास?" हे वाक्य तक्रारीत नाही. ते तीत जोडून घ्यावे, कारण त्याची खरी तक्रार तीच आहे. तिच्यावर मला काही खुलासा देता येत नाही.

६. सही केली की प्रकरण मिटते, असे मला समजुतीने सांगण्यात आले. त्या दिवसानंतर भोंगा दोनदा वाजला. दोन्ही वेळा माणसे आपणहून आली, मला काही करावे लागले नाही. पुढच्या वेळी येतील याची खात्री मी देऊ शकत नाही. विद्यापीठाच्या लोकांनी दुसरे माणूस नेमू का, असे विचारले. मी नको म्हणाले.

सबब बंधपत्र सहीविना परत पाठवीत आहे. आपण ठरवाल ती शिक्षा मला मान्य राहील. मात्र यापुढे भोंगा वाजला व कोणी शेतात थांबले, तर मी वय व नाते न पाहता मारीन, आणि सुरुवात म्हाताऱ्या माणसांपासून करीन, हे आपणास आधीच लेखी कळवीत आहे.

सुनावणीस हजर राहणारी,

(सही)
रंजिता सुदाम मेंगाळ
कुडाची वाडी, ता. मुरबाड
दि. ३ नोव्हेंबर २०२५

सोबत : १) दि. ९ ऑक्टोबरच्या नोंदवहीच्या पानाची प्रत. २) कोरे बंधपत्र.