माहेरची पिसं

काशीमीरा,
रविवार, २ फेब्रुवारी २०२५

तीर्थस्वरूप मंदाताईस,

विठूचा साष्टांग नमस्कार. मी इकडे मजेत आहे. तू, भावोजी, निशा आणि तुझ्या पिंजऱ्यातली सगळी मंडळी मजेत असाल. पत्राची सुरुवात अशी करायची असते एवढंच शाळेतलं माझ्या लक्षात राहिलंय, पुढचं येईल तसं लिहितो.

पत्र बघून घाबरू नकोस, कोणी मेलेलं नाही. फोन केला असता, पण फोन भावोजींच्या खिशात. ते स्पीकरवर टाकतात आणि मग मी तुझ्याशी नाही, अख्ख्या ओटीशी बोलत बसतो. म्हणून अंगणवाडीच्या पत्त्यावर पाठवतोय. पोरांची खिचडी शिजता शिजता वाच. फक्त करपवू नकोस.

गोडाऊनचं काम चालू आहे. खोके उतरवायचे, खोके चढवायचे. कशाचे खोके ते कोणी सांगत नाही आणि मी विचारत नाही. टायरवाल्याकडचं सोडलं तेव्हा तू बोललीस की आता तरी एका जागी टिक. टिकलोय, पण पाय शिवशिवतात गं. शिवा म्हणून एक ट्रेलरवाला ओळखीचा झालाय. कांडल्याला माल घेऊन जातो. परवा म्हणाला, "विठ्या, क्लीनर पायजे मला. चल, जरा दुनिया बघ. इथं खोके मोजून म्हातारा होशील." हायवेला चहा प्यायला उभा राहिलो की प्रत्येक गाडी मलाच न्यायला आलीय असं वाटतं. चहा अर्धा टाकून परत येतो.

जात का नाही, तर काशीनाथमुळे. तू दिवाळीला माझ्याबरोबर दिलास तो निळा लव्हबर्ड. काशीमिऱ्यात राहायला आला म्हणून काशीनाथ. त्याला जरा बरं नाही.

म्हणजे तसं खातो-पितो. पण पिसं गळतात. आधी वाटलं, पक्षी पिसं टाकतात तसं असेल. पण नवीन येतात ती बुडाशी चिमटल्यासारखी, वाकडी, आणि तीही गळतात. शेपूट तर गेलीच. शेजारच्या भाभी म्हणाल्या, "नजर लगी है भैया, मिर्ची उतारो." मिरची उतरवली. तर तो आणि मी दोघंही शिंकलो. माझा रूम पार्टनर अनिश, त्याला नुसता ऊत आलाय. "विठूने पोपट पाळला का पोपटाने विठू पाळला?" असं येणाऱ्या-जाणाऱ्याला विचारतो.

शेवटी भाईंदरला एक पक्ष्यांची डॉक्टर आहे तिच्याकडे नेला. मिनल मॅडम. माझ्यापेक्षा थोडी मोठी असेल. कागद घेऊन बसली.

"नाव?"

"विठू."

"पक्ष्याचं नाही हो, तुमचं."

"माझंच विठू, मॅडम. पक्ष्याचं काशीनाथ."

तिने पेन खाली ठेवला आणि हसली. मग म्हणाली, हा लव्हबर्ड नाही, बजी आहे. मी म्हटलं, आमच्याकडे लव्हबर्डच म्हणतात. "म्हणा. आहेत पोपटच," असं म्हणून त्याचं एक पीस आणि थेंबभर रक्त तपासायला घेतलं.

रिपोर्ट आला. पोपटांचाच एक व्हायरस आहे म्हणे. माणसाला काही होत नाही, निशाला सांग घाबरू नको. औषध नाही. स्वच्छता ठेवायची, ऊब द्यायची, खाऊ-पिऊ घालायचं आणि बघायचं. इकडे हवा खराब, धूळ, ट्रकचा धूर, त्यातून इकडच्याच कुठल्या तरी पक्ष्याकडून आला असणार. तू त्याच्याबरोबर दिलेली पिसं अजून आहेत. पिंजऱ्याच्या कोपऱ्यात रचून दिलीत, त्यावर बसून असतो.

तुझ्या पिंजऱ्यात कोणी पिसं टाकतंय का? सहज विचारतो. शिमग्याच्या जत्रेला यंदा किती पिल्लं होतील? मागच्या साली पिल्लांच्या पैशातून तू स्वतःसाठी शिलाई मशीन घेतलीस आणि भावोजींना विचारलंही नाहीस, ते मी अनिशला तीनदा सांगितलंय.

काही काळजी करू नकोस. 

तुझा,
विठू

*

काशीमीरा,
रविवार, २ मार्च २०२५

तीर्थस्वरूप मंदाताईस,

नमस्कार. या पत्राची तीन पानं फाडली. ही चौथी खेप. आता फाडणार नाही, कारण वही संपत आलीय.

तुझी अनसूया पोचली. आपला निहार भाजीचा टेम्पो घेऊन आला, गोडाऊनच्या गेटवर खोका दिला आणि म्हणाला, "मंदाताईने सून धाडलीय तुझ्या पोपटाला." वॉचमन गुणवंतकाका खोक्याच्या भोकातून बघून म्हणाले, "सुंदर हाय. नवऱ्याला टक्कल हाय ते सांगितलं का हिला?" सगळे हसले. मीपण हसलो. मग तुझी चिठ्ठी वाचली. एकटा आहे म्हणून झुरतोय, जोडी लागली की पिसं येतील. आणि खाली, पिसांवर, ती बसलेली. मूठभर पिसं. तुझ्या पिंजऱ्यातली, माहेरची.

चूक माझी आहे. मी तुला अर्धवट लिहिलं, दुसरा पक्षी त्याच्याजवळ आणायचा नाही हे लिहिलंच नाही, म्हणून तू तिला पाठवलीस.

मी तिला खोलीवर नेली नाही. गुणवंतकाकांच्या केबिनमध्येच ठेवली आणि दुसऱ्या दिवशी सकाळी तशीच खोक्यासकट भाईंदरला. मिनल मॅडमने खोका उघडला आणि पिसं चिमट्याने उचलून विचारलं, "ही कोणी भरली?"

मी म्हटलं, "माहेरची पिसं आहेत, मॅडम."

तिला कळेना. मग सांगितलं. की माझी बहीण लव्हबर्डची पिल्लं विकते, विकते म्हणायचं नाही, देते म्हणायचं. घेणाऱ्या बाईला सांगते, लेक देतेय, सांभाळा. आणि प्रत्येकाच्या खोक्यात त्या पिल्लाच्या आईच्या घरट्याच्या पेटीतली मूठभर पिसं घालते, म्हणजे नवीन घरी पिल्लाला परकं वाटायला नको. तुझ्या लग्नात तू आईचं जुनं पातळ नेलंस आणि सासरी ते उशाखाली घेतल्याशिवाय तुला झोप यायची नाही, तेही सांगितलं. ते सांगायची काय गरज होती माहीत नाही. तोंड चालू झालं की थांबत नाही माझं.

मॅडमने ती पिसं एका पिशवीत घालून तोंड बांधलं. मग हळू बोलली, "विठू, हा आजार पिसांतून जातो. पिसांची धूळ, कोंडा, विष्ठा. आजारी पक्ष्याची पिसं दुसऱ्याच्या अंगाखाली ठेवली तर त्याला आजार दिल्यासारखंच आहे." नंतर विचारलं, "पण तुम्ही तर म्हणाला होतात, काशीनाथ बाजारातून घेतला."

म्हणालो होतो. पहिल्याच दिवशी. तिने कुठून आणला विचारलं आणि माझ्या तोंडातून बाजार निघालं. तुझं नाव त्या कागदावर यायला नको होतं मला.

अनसूयाचं रक्त तपासायला गेलं. तेवढे दिवस मी कसे काढले ते मलाच माहीत. गोडाऊनवरून निघालो की खोलीवर जाववेना. वरसाव्याच्या पुलापर्यंत चालत जायचो, खाडी बघायचो, परत यायचो. पुलावर ट्रक गेला की कठडा थरथरतो, हात लावून उभा राहायचो. मनात एकच, की ती चांगली निघू दे. ती चांगली निघाली तर आजार इकडचा, धुराचा, काशीमिऱ्याचा. शिवाने परत विचारलं, येतोस का, शेवटचं विचारतोय. मी हो म्हटलं. पिशवीपण भरली. मग काशीनाथला राळ्याची पेज कोण भरवणार, अनिश त्याच्या वाटीला हात लावत नाही, म्हणून पिशवी रिकामी केली. शिवा गेला.

रिपोर्ट आला. अनसूयाच्या रक्तात तोच आजार आहे.

ती माझ्या खोलीत आलीच नव्हती, ताई. काशीनाथला तिने बघितलंसुद्धा नाही. मी मॅडमशी भांडलो. म्हटलं, टेम्पोत लागला असेल, केबिनमध्ये लागला असेल, माझ्या कपड्यांवरून लागला असेल. ती म्हणाली, एका रात्रीत रक्तात दिसत नाही हा. ती घेऊन आलीय.

घरून घेऊन आलीय.

मला आठवतंय आणि तुलाही आठवत असेल. गेल्या पावसात एका पेटीतली पिल्लं उडायचीच नाहीत. पंखाची लांब पिसं गळून पडलेली, नुसती जमिनीवर पळायची. निशा त्यांना कोंबड्या म्हणायची. तू म्हणालीस, ग्रहणात अंडी घातली असतील. पैसे न घेता वाटून टाकलीस. पिसं घालून.

आता मी सांगतो ते रागावून का होईना, कर. जत्रेला एकही पिल्लू देऊ नकोस. ज्यांची पिसं झडतात त्यांना वेगळ्या जागी ठेव, पडवीत नाही, लांब. दाणापाणी आधी चांगल्यांना, मग त्यांना, आणि मग हात धुऊन लुगडं बदलून घरात ये. झाडू मारू नकोस, धूळ उडते, ओल्या फडक्याने पूस. मी पंखासुद्धा लावत नाही. अनिश म्हणतो, "मार्च लागला, पोपटासाठी माणसं उकडून मारतोस काय!" रोज बोंबलतो, तरी पंखा बंदच ठेवतो. लाकडी पेट्या आणि जुनी पिसं जाळून टाक. सगळी. तुझ्या जिवावर येईल, मला ठाऊक आहे. भावोजी म्हणतील, कटकट कशाला, सोडून दे रानात. तसं मात्र होऊ देऊ नकोस, रानातल्या पोपटांना लागेल. मॅडम म्हणते, सगळे मरत नाहीत. जे आज धडधाकट दिसतात त्यांची तीन महिन्यांनी परत तपासणी करायची, काहींच्या अंगातून तो निघून जातो. अनसूयाचंही तसंच आहे, ती छान खाते, उडते. मॅडमच्या ओळखीच्या बाईंकडे वेगळी ठेवलीय. त्यांच्याकडे दुसरा पक्षी नाही.

आणि ज्यांना दिलीस त्यांना कळवावं लागेल. हे लिहायचं म्हणून तीन पानं फाडली.

तुझी मान कशी खाली जाईल ते मला इथून दिसतंय. पंचक्रोशीत मंदाचे लव्हबर्ड म्हणतात. सासूबाई बोलतील, आम्ही सांगत होतो. भावोजी मशीनकडे बघून हसतील. म्हणून माझं ऐक. सगळ्यांना सांग की दिवाळीला विठू मुंबईहून आला, तिकडच्या पक्ष्यांचा आजार कपड्यांवरून घेऊन आला. पावसातल्या पिल्लांचं कोणाच्या ध्यानात नाही. भावोजी तर लगेच मानतील, उलट खूश होतील. विठू घरी आला आणि काही बिघडवून गेला, यात नवीन काय? गाव मला चार शिव्या देईल आणि विसरेल. तुझ्याकडे मात्र बायका परत येतील, पुढच्या साली, चांगल्या पिल्लांसाठी.

लाजू नकोस यात. फक्त लवकर सांग, जत्रेच्या आधी.

शिमग्याला मी येत नाही. काशीनाथची धूळ माझ्या अंगावर आहे, जे चांगले उरलेत त्यांच्यात ती नको. पालखी दारात आली की माझा नारळ तूच दे. कोणी विचारलं विठू का नाही आला, तर म्हण, तोंड दाखवायला जागा नाही त्याला.

त्यांना ते पटेल. तुला पटू देऊ नकोस.

तुझाच,
विठू