शेंदेलोण

९ जानेवारी ५५, रवि.
आज भाकरी तव्यावरून अख्खी उतरली. सौ.ने डाव्या हाताने मोडली, आमटीत बुडवली, एक घास घेतला आणि ताट सरकवलं. डॉ.नी तिचं मीठ बंद केल्याला आठवडा झाला. दवाखान्याच्या पायरीवर मला बाजूला घेऊन म्हणाले, "मास्तर, रक्तदाब उतरला नाही आणि अर्धांगाचा दुसरा झटका आला, तर माझ्या हातात काही राहणार नाही." हे तिला सांगितलेलं नाही. कसं सांगू?

उजवा हात-पाय लुळा. बोलण्यातला एकच शब्द उरलाय, 'न्हाय'. पाणी देऊ? "न्हाय," आणि हात पुढे. व्हय असलं तरी न्हाय, न्हाय असलं तरी न्हाय. मान कशी हलते ते बघून मी अर्थ लावतो. तीस वर्षं पोरांना व्याकरण शिकवलं, आता घरात माझीच परीक्षा.

१२ जाने.
दाबावरची सर्पगंधाची गोळी सकाळ-संध्याकाळ दिली. उजव्या मुठीत चिंध्यांचा चेंडू देऊन बोटं मिटायला लावली. चौथ्या वेळेला तिने डाव्या हाताने चेंडू भिरकावला. मी ओरडलो. ओरडायला नको होतं. ती भिंतीकडे तोंड करून पडली, मी चेंडू शोधत बसलो.

१४ जाने.
कसबा बावड्याहून मेव्हणा आला, तुका. हातात डबा. उंबऱ्यातच वास आला.
"दाजी, कोंबड्याचा रस्सा हाय. मिठाबिगर जेवून माणूस उभं ऱ्हातंय व्हय?"
"बहिणीला उभी करायची असेल तर तो डबा घेऊन तू आधी ऊठ."
रागावून गेला. सौ. दिवसभर माझ्याकडे बघेना. लोणच्याची बरणी कपाटात घालून किल्ली जानव्याला बांधावी म्हटलं तर आमच्यात जानवं नाही. करदोट्याला बांधली.

१७ जाने., सोम.
हिचा सोमवार. उपास करू नको, असं डॉ.नी बजावलंय, पण ही ऐकते थोडीच! शेवटी वरी शिजवली, उपासही राहिला आणि पोटालाही आधार. नुसती वरी खाईना. देव्हाऱ्याच्या खालच्या फळीकडे बोट. तिथे तिचा उपासाचा लाकडी डबा, आत शेंदेलोण.
"हे मीठ नाही ना गं?"
"न्हाय."
खरंच की. उपासाला मीठ चालत नाही, हे चालतं. म्हणजे हे मीठ नव्हे. चिमूटभर घातलं. वाटीभर वरी खाल्ली, वाटी चाटली. पंधरा दिवसांत पहिल्यांदा. मी चुलीपाशी जाऊन डोळे पुसले.

२० जाने.
आता रोज आमटीत तेच घालतो. पोटभर जेवते. चेंडूही न भिरकावता दाबते. माझी मलाच शाबासकी.

२२ जाने., शनि.
दाब होता तिथेच. डॉ. गोंधळले. "मिठाचं काय?" म्हणाले. मी छाती काढून सांगितलं, "तिच्या पानात मिठाचा खडा पडत नाही." गोळ्या वाढवल्या.

२९ जाने., शनि.
सकाळी उठताना भोवळ आली. टांग्यातून नेली. दाब वाढलाय. डॉ.नी जेवणाचा एकेक पदार्थ विचारला, चव कशाची, तेही.
"शेंदेलोणाची."
त्यांनी टाक खाली ठेवला. "मास्तर, नावातच लोण आहे की."
लोण म्हणजे मीठ. शब्द फोडून अर्थ सांगा, हा माझा दरवर्षीचा पहिला धडा. बारा दिवस मी माझ्या हाताने तिला... लिहवत नाही.

३० जाने.
डबा शेजारच्या आक्कांना देऊन टाकला. सौ.ला समोर बसवून सगळं सांगितलं, दुसऱ्या झटक्याचंही. ऐकताना तिचा डावा हात पदराशी चाळा करत होता. मग विचारलं, "ते मीठच आहे, हे तुला ठाऊक होतं?"
"न्हाय."
मान हललीच नाही. मला फसवलं, का दोघंही फसलो? विचारून आता काय उपयोग. आमटीत लिंबू पिळलं, आमसूल घातलं. दोन घास खाल्ले.

१ फेब्रु.
काल सोमवार, पण वरीही नको; दिवसभर दूध सोडून काही नाही. गोळी मात्र मुकाट्याने घेते. भीती घातली ते चुकलं का? न सांगता तरी किती दिवस काढणार होतो?

२ फेब्रु.
आजवर मी माझं जेवण तिच्या माघारी, स्वयंपाकघरात लोणच्यासकट उरकत होतो. तिला कळत असणारच. आज दोघांची ताटं शेजारी मांडली, दोन्हींत तीच आमटी. पहिला घास घेतला. तोंडात फिरतोय फिरतोय, गिळवेना. डोळ्यांत पाणी आलं. आणि हिला मी महिनाभर ओरडतोय, खा म्हणून.
ती माझ्याकडे बघत होती. तोंडाची डावी बाजू हसली.
"अळणी," म्हणाली.
स्पष्ट. ळ सुद्धा स्पष्ट. मी घास तसाच धरून बसलो. पुन्हा म्हण, म्हटलं, तर म्हणेना. पण आज ताट सरकवलं नाही, भाकरी मोडत बसली. दाब शनिवारी कळेल.