अपिलात दम नाही

४ फेब्रुवारी

वकिलाने हात वर केले! शेजारच्या लव्हॉनबाई कोर्टाचा कागद घेऊन थेट स्वयंपाकघरात, बर्फाच्या बुटांसकट. त्यांचा मुलगा कॉर्विन हार्डवेअरचं दुकान जाळल्याच्या आरोपात नऊ वर्षांसाठी आत आहे. अपिलासाठी सरकारने नेमून दिलेला वकील स्काल्स्की कोर्टाला कळवतो — सगळं वाचलं, अपिलात दम नाही, मला मोकळं करा.

“फुकटचा वकील, फुकटचं उत्तर! तुम्ही पेपरवाले ना? छापा त्याचं नाव!”

विस्कॉन्सिनात इतकी वर्षं कोर्टाच्या बातम्या देतोय. म्हटलं, बाई, आधी वाचतो, मग छापतो.

५ फेब्रुवारी

उणे चोवीस. गाडीही म्हणाली, दम नाही.

७ फेब्रुवारी

वाचला अर्ज. इथला नियम मोठा रसिक — ‘दम नाही’ म्हणणाऱ्या वकिलाने आरोपीच्या बाजूचा प्रत्येक मुद्दा आधी स्वतः मांडायचा, मग खोडायचा. म्हणजे पूर्वपक्ष! पाठशाळेत गुरुजींनी याच कामात आम्हांला रडवलं होतं.

स्काल्स्कीचा पूर्वपक्ष ठणठणीत, उत्तर मात्र अंथरुणाला खिळलेलं. ज्यूरीतला एक गृहस्थ दुकानदाराचा सख्खा साडू! “तरी निष्पक्ष राहीन,” म्हणाला. न्यायाधीशांनी मान डोलावली, कॉर्विनचा तेव्हाचा वकील गप्प. हे सगळं पानभर, आणि खाली एकच ओळ — तेव्हा हरकत घेतली नाही, आता उशीर झाला.

८ फेब्रुवारी, शुक्रवार

खानावळीत शुक्रवारच्या तळलेल्या माशांसाठी गावाची गर्दी. स्काल्स्की एकटाच बसलेला.

“साडूत खरंच दम नाही?”

“मला तरी दम दिसत नाही. पण कोर्टाला दिसू शकतो. म्हणून तर मुद्दा लिहिला.”

तेवढ्यात पलीकडच्या टेबलावरून लव्हॉनबाई — “खा हो वकीलसाहेब, पोटभर खा! माझ्या पोराला गाडून दमला असाल!”

बिचारा लाल झाला. उठून मात्र गेला नाही.

१९ मे

स्काल्स्कीचा अर्ज फेटाळला! कोर्ट म्हणतं, साडूच्या मुद्द्यावर वाद होऊ शकतो, अपील चालवा. लव्हॉनबाईंनी मला मिठी मारली — बरगड्या अजून दुखतायत. आता रीतीप्रमाणे नवा वकील.

२ जून

कॉर्विनने नवा वकील नाकारला. तुरुंगातून कोर्टाला कळवलं — “माझ्याविरुद्ध लिहितानाही ज्याने साडू लपवला नाही, तोच द्या.” कोर्टाने मानलं.

स्काल्स्कीला फोन केला. “माझाच जुना अर्ज काढून बसलोय,” म्हणाला. मग —

“म्हणजे आता मला मलाच हरवावं लागणार!”