न फुटलेली सुपारी

जांबे, २ जानेवारी २०२५

ती. बाबांस,
वैभवीचा सा. न. वि. वि.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही, म्हणून लिहिते. ९ तारखेला निरंजनच्या घरचे सुपारी फोडायला कोळवणला येतील. मला ऑफिसातून सुट्टी नाही. ते मूळचे सांगोल्याकडचे, आपल्यासारखे धनगरच; पण भूगावात फ्लॅट घेऊन वीस वर्षं झाली, घरात सगळे शुद्ध बोलतात. रागावू नका, पण बोलायचं काम हैबतकाकांना करू द्या. ते मास्तर होते. तुमचं हाय-न्हाई ऐकून कुणी हसलेलं मला सहन होणार नाही.

लोभ आहेच, तो आटू देऊ नका.
तुमची वैभवी

कोळवण, १० जानेवारी

चि. वैभवीस अनेक आशीर्वाद.

तुझ्या सूचनेप्रमाणे मी एकही शब्द बोललो नाही. निरंजनच्या वडिलांनी, दयानंदरावांनी, मुलगी दिली का म्हणून तीन वेळा विचारले. मी तिन्ही वेळा होकारार्थी मान हलवली. 'दिली' असे हैबतराव म्हणाले, भाषणही छान केले. पाहुण्यांनी चहा घेतला आणि ते गेले. सुपारी फुटली नाही. बापाने स्वतः तोंडाने 'दिली' म्हणावे ही आपली रीत. पण मला वाटले, शहरातल्यांना ती आता नको असेल.

हे पत्रही शुद्ध लिहिले आहे. तेवढ्यात दोन मेंढ्या शेजारच्या हरभऱ्यात शिरल्या.

कळावे.
जोतिबा

जांबे, १४ जानेवारी

ती. बाबांस सा. न. वि. वि.

निरंजनच्या वडिलांना वाटलं, बापालाच स्थळ पसंत नाही, म्हणून तो बोलत नाही. हे कळताच मी भूगावला गेले आणि खरं ते सांगितलं, की बाबांना मीच गप्प बसवलं, मला त्यांच्या बोलण्याची लाज वाटली. मान वर करवत नव्हती. दयानंदकाका म्हणाले, त्यांचे वडील तसंच बोलायचे. वडील गेल्यापासून घरात कुणी तसं बोलत नाही, आणि ते बोलणं ऐकायच्या ओढीनंच काका कोळवणला आले होते.

रविवारी ते पुन्हा येतायत, मीही येते. बाबा, चुकले मी. या वेळी हैबतकाकांना गप्प बसवा.

तुमचीच, वैभवी

कोळवण, १७ जानेवारी

चि. वैभवे, आशीर्वाद.

हे माज्या बोलीत लिवतुया. तुजं पत्र वाचून तुजी आई रडली. मी न्हाई, मी मेंढरांकडं बगत हुतो. ह्याच बोलीत माज्या बानं डोंगरात मेंढरं राखली, ह्याच बोलीत मी तुला साळंला धाडली. ती तोंडातनं गेली तर मी कोन हाय, हे मेंढरांलाबी कळायचं न्हाई.

रविवारी मी 'दिली' म्हननार हाय, पार वरच्या वाडीला ऐकू जाईल असं. पर त्याआदी चार मानसांत तुला इचारनार, पोरी, जातीस का? आपल्या बोलीत सांग. शुद्ध बोललीस तर सुपारी पुन्यांदा खिशात.

लोब हाय. आटायचा न्हाई.
तुजा बा