मिठाने न फाटणारी साय

३ जानेवारी
अमेरिकेत डुलुथला पोचले. सरोवर गोठलंय, नाक गोठलंय, पण प्रयोगशाळेतली माणसं उबदार आहेत. आमचे रेणू गमतीचे. एक टोक विद्युतभार असलेलं, पाण्याला चिकटणारं. दुसरं पाण्यापासून पळणारं. पाण्यात सोडले की आपले आपण रांगा लावून दुधावरच्या सायीसारखा पडदा धरतात. औषध रक्तातून न्यायला तो हवाय. पण रक्त खारट, आणि मिठाने पडदा फाटतो. तो टिकवायला मला बोलावलंय. इथली रीत अशी: उरलेलं सिंकमध्ये ओतायचं आणि वर मूठभर मीठ, बर्फ वितळवायला रस्त्यावर टाकतात ते. जोडीदार वेंडेल म्हणतो, मीठ टाकलं की पाप धुतलं.

१९ फेब्रुवारी
टिकला! उलट भाराचे रेणू मिसळले आणि काम फत्ते. खारं पाणी, उकळतं पाणी, त्याला ढिम्म फरक नाही. आमच्या प्रमुख हॉकिन्सनबाईंनी केक आणला. मी हवेत तरंगतेय. उरलेलं नेहमीसारखं सिंकमध्ये, वर मूठभर मीठ.

२६ फेब्रुवारी
वेंडेलने त्याच सिंकवर तोंड धुतलं होतं. आता डोळ्यावर पातळ साय. मी चिमट्याने काढली, जेवणापर्यंत पुन्हा आली. नळाच्या तोंडाशीही तीच. डॉक्टर म्हणाले, अश्रूंनी जाईल. आजवर अंगावर उडालेलं घामाने, अश्रूंनीच फाटायचं. तिला मोडायचा आमच्याकडे तेवढा एकच उपाय होता, आणि तो संपला म्हणून आम्ही केक खाल्ला.

२ मार्च
वेंडेलला दिसत नाही. डोळे उघडे, वर साय. रडत होता, अश्रू आतच साठत होते. म्हणाला, "कशाने जातं ते सांग ना. तूच केलंयस ना हे?"
माझ्या बोटांच्या बेचक्यांतही काहीतरी ताणलं जातंय.

४ मार्च
साबण, स्पिरिट — काही नाही. ब्लेडने चिरली तर कडा परत जुळतात, माझ्या डोळ्यांदेखत.
वेंडेल गेला. नाकावर, तोंडावर —

५ मार्च
ओठांवर आली. चिरते, श्वास घेते, मिटते. फार भीती वाटतेय. मला जगायचंय —
बोटं चिकटली, ब्लेड नीट धरवत नाही —
आता चिरल्या चिरल्या मिटते. अर्धाच श्वास —
पुन्हा चिर