खोडलेली फुली

मुकुंदवाडी,
१७ नोव्हेंबर

उमाताई,

नमस्कार. ऑपरेशननंतर आईंचा गुडघा आता कसा आहे? मी फुलंब्रीहून रोजचं येणं-जाणं सोडलं, इथं स्टेशनजवळ खोली घेतली. परवा दादा ऑफिस बघायला आले होते. दारातल्या वॉचमनला म्हणाले, "आमच्या घरातली पहिली ग्रॅज्युएट हाय, नीट सलाम ठोकत जा." तो खरंच ठोकतो.

तुमची खुर्ची मला दिली आहे. हे आधी लिहायला हवं होतं.

तुम्ही कॅलेंडरच्या पाठीवर डिझाइन मॅट्रिक्सचा तक्ता शिकवला होता. आडव्या ओळींत सॉफ्टवेअरनं करायची कामं, उभ्या रकान्यांत क्लास, म्हणजे ती कामं करणारे कोडचे सुटे भाग. ज्या क्लासला हात लावल्यावर जे काम हलतं, तिथं फुली. "फुल्या एका तिरप्या रेघेत राहिल्या तर घर शांत, तनुजा. पसरल्या तर एक भांडं उचललं की दहा पडतात." मला वाटलं होतं, सगळं असं मांडता आलं तर कुणाचं नुकसानच होणार नाही.

डायलिसिस सेंटरच्या सॉफ्टवेअरचा तक्ता तुम्ही रजेवर असताना मी केला. सगळ्या फुल्या रेघेत आल्या, एक सोडून: 'निरोप पाठवणे' या ओळीत, 'यंत्र' क्लासखाली. यंत्र दुरुस्तीला गेलं की तोच क्लास रुग्णाची पाळी बदलायचा आणि तोच त्याला मोबाइलवर निरोपही पाठवायचा. तो तोडून वेगळा करायला आठवडा लागला असता, आणि माझा तक्ता पहिल्यांदाच केयूर सरांसमोर पडद्यावर लागणार होता.

ती फुली मी खोडली. नंतर दुरुस्त करू म्हटलं. रजेवरून आल्यावर तुम्ही विश्वासानं सही केलीत.

पुढं 'यंत्र' क्लास बदलला, तेव्हा त्याच्या रकान्यात फुली असलेली कामं तेवढी तपासली. निरोप कुणी तपासलाच नाही, आणि तो जायचा बंद झाला होता. पडेगावच्या कडूबांची मंगळवारची पाळी सोमवारवर आली, त्यांना कळलं नाही. मंगळवारी आले, एकही यंत्र मोकळं नव्हतं. शुक्रवारी या, असं सांगितलं. गुरुवारी ते गेले.

बैठकीत सरांनी विचारलं, "तक्ता कुणाचा?" तुम्ही म्हणालात, "सही माझी आहे." मी वहीत बघत बसले. नोकरी सोडून सामान आवरताना तुम्ही मला एवढंच म्हणालात, "जेवून घे गं." खोडलेल्या फुलीचं तुम्हाला तेव्हा माहीत होतं का, हे विचारायची हिंमत होत नाही.

काल निरोप दुरुस्त झाला आणि सुरू करताच जुन्या यादीतल्या सगळ्यांना गेला. दुपारी निरोपाखालच्या आपल्या ऑफिसच्या नंबरवर फोन आला, कडूबांच्या घरून, द्वारकाबाईंचा. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"बाई, मंगळवारी या म्हून मेसेज आलाय. ते आता नाय येत. त्यांची पाळी दुसऱ्या कुणाला द्या."

मी तशीच तक्ता घेऊन सरांकडं गेले, सगळं सांगितलं. ते म्हणाले, "उमा गेली, विषय मिटला. स्वतःचं वाटोळं कशाला करतेस? पुढच्या तक्त्यावर सही तुझीच लागणार आहे." मी "हो सर" म्हणाले, ताई. दादांचा चेहरा आठवला आणि "हो" म्हणाले.

सोबत मूळ तक्ता आहे. फुली होती तिथं परत काढली आहे, खाली माझी सही. वाटेल त्याला दाखवा. सरांनी हातातही घेतला नाही, तेव्हा त्यातून काही होईल असं वाटत नाही.

डबा रोज भरते, तसाच परत आणते.

तुमच्या खुर्चीवर बसलेली,
तनुजा